कसर

मुहर्रकच्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या खोलीत
मी जुने कागद दुरुस्त करते.
बाहेर पंचेचाळीस, आत बावीस.
तरी समुद्र येतोच भिंतीतून,
शेजारीण वाटी घेऊन यावी तसा,
फक्त मीठ मागत नाही, ठेवून जातो.

परवा उम्म गानिम आल्या. आजोबांची वही,
मोत्यांच्या हंगामांची,
तांबड्या फडक्यात बांधलेली,
तापातल्या पोरासारखी छातीशी धरलेली.

मी आधी वाचत नाही. आधी ऐकते.
कोपरा चिमटीत धरून एक झटका.
गिरणीचा कागद अशा वेळी फडफडतो नुसता,
हा खणकन बोलला,
उन्हात वाळलेल्या पापडासारखा.

मग दिव्यासमोर धरला:
पोटात गवताच्या काड्यांच्या रेघा,
बारीक, एका बाजूला किंचित ढळलेल्या,
ताव उचलणाऱ्याचा डावा हात थकला असावा.
मुकुट नाही, सिंह नाही, कारखान्याचं नाव नाही.
हा आपल्याकडचा.
दौलताबादचा म्हणा, जुन्नरचा म्हणा,
पैज लावणार नाही मी,
पण जिभेच्या टोकाला खळ लागली ती ओळखीची होती.
(हो, चाटून पाहिला. ज्यांनी शिकवलं त्यांना कळवू नका.)

म्हणतात, समरकंदला ही विद्या कैद्यांनी दिली.
खरंखोटं देव जाणे.
मला एवढंच माहीत आहे
की गलबतांचे झिजलेले सणाचे दोर
कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडले, चुन्यात कुजवले,
गुडघाभर पाण्यात उभं राहून तुडवले,
हौदात चाळणी बुडवून वर काढली
आणि पाणी निथळून गेल्यावर
जे मागे राहिलं, त्याला ताव म्हटलं.
भिंतीला चिकटवून वाळवला. खळ दिली.
मग अकीकाचा गोटा घेऊन बसली एखादी बाई
आणि घोटत राहिली, घोटत राहिली,
बोरू कुठे अडखळू नये म्हणून.
तिला लिहिता येत नसणार.

दोर होऊन गेलेलं ते
तांदळाच्या पोत्यांवर बसून, कागद होऊन
पुन्हा याच खाडीत उतरलं.
आणि त्यावर नावं लिहिली गेली
दोर कमरेला बांधून तळाशी जाणाऱ्यांची.

शाई अजून काळी आहे. काजळ उडत नाही.
पाणबुड्याचं नाव, उचल, खजूर, तांदूळ,
मागल्या हंगामाची बाकी, पुढल्या हंगामाची बाकी.
बापाची बाकी लेकाच्या पानावर.
एवढ्या देखण्या कागदावर एवढं वाईट
मी पूर्वी वाचलं नव्हतं.

खळीच्या गोडीनं कसर लागली होती.
एकतीस पानं आरपार,
वाटाण्याएवढं भोक,
आणि ते नेमकं सरूर बिन मफ्ताहच्या आकड्यावर,
पानामागून पान,
त्याची बाकी शोधून शोधून खाल्ल्यासारखं.

मी जुळता लगदा तयार केला,
चहाच्या पाण्यानं रंग धरला.
उम्म गानिमना विचारलं,
आजूबाजूच्या बेरजांवरून आकडा काढता येईल.
पेन्सिलीनं, फिका, पुसता येईल असा
लिहून ठेवू का?

त्या बराच वेळ पानावरून हात फिरवत राहिल्या,
उलट्या हातानं, कापड पारखतात तसा.
आजोबांनी माफ केलं नाही कुणाला, म्हणाल्या.
किड्यानं केलं.
भोक बुजव. आकडा राहू दे.

आमच्या भाषेत एका शब्दाचे दोन अर्थ आहेत,
हे त्यांना सांगणार होते,
पण माझं अरबी तेवढं घोटलेलं नाही.

आता ते ठिगळ सुकतंय वजनाखाली.
दिव्यासमोर धरलं तरच दिसतं:
रेघा नसलेला एक छोटा गोल,
नखाएवढा,
ढगाळ,
मोत्यासारखा म्हणायचा मोह होतो.
म्हणत नाही.